पिकअपला दुसरी बॅटरी जोडताना
पिकअपमध्ये फ्रिज किंवा जादा दिवे चालवायला दुसरी बॅटरी बसवतात. ती मूळ बॅटरीला कायमची जोडून ठेवली तर एकीबरोबर दुसरीही उतरते आणि गाडी सुरूच होत नाही. म्हणून दोघींच्या मध्ये आयसोलेटर रिले लागतो. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज साधारण 13.3 वर गेले की तो बॅटऱ्या जोडतो, 12.8 च्या आसपास उतरले की तोडतो. दुसरी बॅटरी लिथियमची असेल तर रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जरच घ्यावा.

खरी काळजी दोन्ही बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरची. पत्र्याच्या भोकातून नेलेली वायर हादऱ्यांनी हळूहळू सोलली जाते; आतले तांबे बॉडीला टेकले की शेकडो अँपिअर करंट वाहून आग लागू शकते. भोकात रबरी ग्रोमेट हवाच. शिवाय या वायरला दोन्ही टोकांकडून करंट मिळतो, त्यामुळे दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ एकेक फ्यूज हवा. एकाच फ्यूजवर काम भागवणाऱ्या कारागिराला ठाम नकार द्यावा. फ्यूजचे रेटिंगही वायरला झेपेल एवढेच असावे.

बॅटरी ट्रेमध्ये क्लॅम्पने घट्ट आवळावी. पाणी भरायच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. म्हणून ती केबिनमध्ये ठेवू नये. कामाला हात लावण्याआधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे आणि ते सर्वांत शेवटी जोडावे.