मुक्या मोडेमची जबानी

बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परंतु बालाघाटाच्या रांगांनी विभागलेल्या या जिल्ह्यातील संगणकांना बाहेरच्या जगाशी बोलण्याची वाट त्याच्या सुमारे दोन तपे आधीच दूरध्वनीच्या दोन तारांतून मिळाली होती, आणि त्या वाटेच्या उंबरठ्यावर मोडेम नावाची लहानशी पेटी बसलेली असे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा आरंभिली ती प्रथम महानगरांत. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये भारत संचार निगम स्थापन झाला आणि त्याच्या संचारनेट सेवेसाठी १७२२३३ हा क्रमांक लावणे लहान गावांच्याही अंगवळणी पडले.

दूरध्वनीची तार मनुष्याच्या आवाजासाठी घातलेली. ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातील नाद दूरध्वनीची व्यवस्था वाहून नेते. संगणकाचे विद्युत्स्पंद त्या नादांत रूपांतरित करणे आणि पलीकडून आलेल्या नादांचे पुन्हा स्पंद करणे, हे मोडेमचे कार्य. १९८१ साली हेज कंपनीचा ‘स्मार्टमोडेम’ आला, त्याचा वेग सेकंदाला ३०० बिट एवढाच होता. परंतु ‘एटी’ या दोन अक्षरांनी आरंभ होणारे हुकूम टंकित केले की ते पाळून साध्या अक्षरांत जबाब देण्याची जी रीत त्याने घालून दिली, ती १९९८ च्या ५६ किलोबिटच्या मोडेमपर्यंत अबाधित राहिली.

युनिक्स अथवा लिनक्स यंत्रावर हा मोडेम निरुत्तर झाला म्हणजे जाणकार कारागीर प्रथम त्याच्या दिव्यांकडे, मग विजेच्या अडॅप्टरकडे आणि सिरियल केबलच्या स्क्रूंकडे पाहतो, आणि त्यानंतरच कळफलकाला हात लावतो. युनिक्सच्या व्यवस्थेत प्रत्येक उपकरण ही एक फाईल असते. पहिले सिरियल पोर्ट लिनक्सवर ‘टीटीवायएस०’ या नावाने नांदते. त्या फाईलवर वापरकर्त्याचा अधिकार आहे का, लॉगिनची वाट पाहणारा ‘गेटी’ ते पोर्ट अडवून बसला आहे का, आधीच्या प्रोग्रॅमने ठेवलेली कुलूप-फाईल मागे राहिली आहे का, हे क्रमाने पाहावे लागते. कुलूप-फाईलमध्ये मालक प्रोसेसचा क्रमांक लिहिलेला असतो. ती प्रोसेस हयात नसेल, तर ते कुलूप बेलाशक काढून टाकावे.

मग मोडेमशी बोलण्याचा ‘मिनिकॉम’ किंवा ‘सीयू’ प्रोग्रॅम उघडून ‘एटी’ लिहावे. ‘ओके’ उमटले, तर संगणकापासून मोडेमपर्यंतचा मार्ग निर्दोष ठरला. काहीच उमटले नाही, तरी मोडेम मृत झाला असे मानण्याची घाई करू नये. कारण पूर्वीच्या एखाद्या हुकुमाने त्याचा प्रतिध्वनी बंद केलेला असतो, जबाब न देण्याची ताकीद दिलेली असते, आणि ती आज्ञा पाळीत तो निमूट राहिलेला असतो. ‘एटीई१क्यू०व्ही१’ लिहिले की तो बोलू लागतो. ‘एटी अँड एफ’ने कारखान्यातील मूळ मांडणी परत येते. जबाब येतो खरा, पण कित्येक सेकंदांनी आणि तुकड्यातुकड्यांनी, असे घडले तर दोन उपकरणांनी एकच इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची वाट, धरल्याचा संशय घ्यावा. संगणकाच्या पेटीच्या आत बसवलेले स्वस्त ‘विनमोडेम’ मात्र आपले निम्मे काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवतात. तो ड्रायव्हर लिनक्ससाठी उपलब्ध नसेल, तर कितीही हुकूम दिले तरी व्यर्थ.

येथून पुढे तारेची पाळी. ‘नो डायलटोन’ असा जबाब आला, तर त्याच लाईनला साधा टेलिफोन लावून कानाने टोन ऐकावा; तो ऐकू येत असेल, तर मोडेमला आपल्या एक्स्चेंजचा नाद ओळखता येत नाही असे समजून ‘एटीएक्स३’ने टोनची वाट न पाहता क्रमांक लावण्यास सांगावे. जुन्या एक्स्चेंजवर टोनऐवजी पल्सने, म्हणजे ‘एटीडीपी’ने, क्रमांक लावावा लागे. मृगाच्या आधी वळवाच्या पावसात कडाडणारी वीज टेलिफोनच्या तारेतून थेट मोडेममध्ये शिरे. म्हणून आभाळ भरून आले की तार भिंतीतून काढून ठेवावी, आणि पर्जन्यछायेतील या कोरड्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून, पाणी देऊन ओला राखावा, हाही या विद्येचाच भाग होता.

या सर्व तपासाचे खरे मोल असे, की त्यासाठी महागडे उपकरण लागत नसे आणि बीडपासून सव्वाशे किलोमीटरवरील औरंगाबादहून अभियंता येईपर्यंत थांबावे लागत नसे. यंत्र वाचता येईल अशा अक्षरांत बोलत होते आणि व्यवस्थेचा प्रत्येक थर स्वतंत्रपणे विचारणा करण्याइतका उघडा होता. म्हणून अंबाजोगाईच्या किंवा गेवराईच्या तरुणाला केवळ चिकाटीच्या बळावर निदान करता येत असे. आज ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना आहे, आणि बंद पडलेल्या जोडणीचा दोष घरातल्या टोकापासून पलीकडच्या टोकापर्यंत एकेक दुवा तपासूनच सापडतो. हा क्रम जिल्ह्यातील प्रत्येक तंत्रशाळेत हाताने करून शिकवला जावा. कारण दुरुस्तीचे ज्ञान जेथे स्थानिक असते, तेथेच साधन खऱ्या अर्थाने गावाच्या मालकीचे होते.