सुरीला ‘पाणी’ द्यायला शिका!

रूमवरची सुरी टोमॅटो कापत नाही, नुसती चिरडते? धार लावून आणली तरी आठ दिवसांत पुन्हा बोथट? मग दोष धारेचा नाही दोस्तांनो, पाण्याचा आहे!

आपला सोलापूर म्हणजे ऊस आणि कारखान्यांचा जिल्हा. ऊसतोडीत मजुरांचा हिशेबही कोयत्यावरच होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असेल तर अर्धा. हा कोयता घडवणारे घिसाडी तुम्ही रस्त्याकडेला पाहिले असतील. भाता, ऐरण आणि घण मारणारी बाई. ऐरणीवरची ती लालभडक पट्टी बऱ्याचदा ट्रकचा जुना पाटा असतो. त्यात साधारण अर्धा टक्का कार्बन असतो, म्हणून तो कडक होतो. बांधकामाच्या साध्या सळईला कितीही तापवा, धार टिकत नाही.

करायचं कसं?

भंगारातला पाटा, विटांची छोटी भट्टी, लोणारी कोळसा आणि हवेसाठी जुना हेअर ड्रायर. एवढ्यात काम भागतं. थर्मामीटर नाही? लोहचुंबक घ्या. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटत नाही. त्याहून जरासं जास्त तापवा आणि पातं कोमट खाद्यतेलात बुडवा. कानस फिरवून बघा. घसरली तर पातं कडक झालं.

इथंच थांबू नका. मी थांबले होते. माझं पहिलं पातं टेबलावरून पडलं आणि काचेसारखे दोन तुकडे झाले! कडक पोलाद ठिसूळ असतं. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवायचं. पात्यावर फिकट सोनेरी रंग चढतो.

मेकॅनिकलचा मित्र याला हार्डनिंग आणि टेम्परिंग म्हणेल. घिसाडी ओव्हनशिवाय करतात. फक्त धारेची कड बुडवायची, पाठीची उरलेली ऊब धारेकडे येऊ द्यायची आणि हवा तो रंग दिसला की पुन्हा बुडवायचं. सगळा खेळ नजरेचा!

हे मात्र पाळा

हा उद्योग हॉस्टेलच्या रूमवर नको, मोकळ्या जागेत करा. तेल लोखंडी भांड्यात ठेवा. तेल पेट घेतं, म्हणून झाकण आणि वाळूची बादली जवळ हवी. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच टाकू नका. लांब सांडशी, गॉगल आणि सुती कपडे मस्ट. बनवायची ती भाजीची सुरी किंवा खुरपं. स्टेटससाठी कोयता नाही! घरकाम, शेती किंवा कारखान्याचं अवजार नसलेलं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियम २०१६ नुसार शस्त्रात मोडतं.

आणि हो, पुढच्या वेळी रस्त्याकडेला विळी घेताना वीस रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी पाच मिनिटं तिथं उभे राहा. आपण लॅबमध्ये ग्राफ काढून शिकतो ते तिथं रंग बघून चाललेलं असतं. ती नजर यायला किती वर्षं लागली, एवढं तरी विचारा.