शिकागोच्या किनाऱ्यावर टॉवर का उभे राहत नाहीत?

शिकागोच्या मिशिगन ॲव्हेन्यूवर उभं राहिलं की रस्त्याच्या एका बाजूला गगनचुंबी इमारतींची सलग रांग दिसते. समोर, पूर्वेला मात्र झाडं, हिरवळ आणि त्यापलीकडे समुद्रासारखं पसरलेलं मिशिगन सरोवर. बिल्डरांसाठी सोन्याच्या भावाची ही जमीन मोकळी आहे. शहराच्या सुमारे ४२ किलोमीटर किनाऱ्यापैकी बहुतांश भाग सार्वजनिक आहे. तिथे कोणीही फिरावं, सायकल चालवावी.

हे आपोआप झालेलं नाही. त्यामागे एक जुना नकाशा आणि बरेच खटले आहेत.

कालव्यासाठी पैसे उभे करायला १८३६ मध्ये इथले भूखंड विकले जात होते. तेव्हा आयुक्तांनी नकाशावर किनाऱ्यालगतच्या पट्ट्यावर एक ओळ लिहिली: ही जागा सार्वजनिक असून कायम मोकळी राहील, तिथे इमारत होणार नाही. पुढे तिथे रेल्वे आली, १८७१ च्या भीषण आगीनंतरचा राडारोडा पडला आणि त्या भरावावर शहराला इमारती सुचू लागल्या.

इथे ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांची एन्ट्री होते. कॅटलॉग पाहून टपालाने माल मागवायचा, या धंद्यातून ते श्रीमंत झाले होते. आजच्या ऑनलाइन शॉपिंगचे पणजोबाच म्हणा ना. त्यांचं कार्यालय मिशिगन ॲव्हेन्यूवर होतं. नकाशातल्या त्या ओळीच्या आधारे १८९० मध्ये त्यांनी शहरावर दावा ठोकला आणि पुढची दोन दशकं ते लढत राहिले. शहरातल्या बड्या लोकांना ते विकासाच्या आड येणारे हटवादी वाटायचे. हा लढा लक्षाधीशांसाठी नाही, गरिबांसाठी आहे, असं वॉर्ड यांचं म्हणणं होतं. अखेर ते जिंकले. ग्रँट पार्कच्या मधोमध ठरलेलं फील्ड म्युझियम दक्षिणेला सरकवावं लागलं.

भारताशी काय संबंध?

दुसरा खटला रेल्वेचा. १८६९ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने सरोवराच्या तळाची हजारहून अधिक एकर जमीन इलिनॉय सेंट्रल रेल्वेला देऊन टाकली. चारच वर्षांत निर्णय फिरवला गेला आणि वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १८९२ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की, अशी जमीन सरकारकडे जनतेचा विश्वस्त म्हणून असते, ती अशी खासगी हाती सोपवता येत नाही.

शंभर वर्षांनी हाच निकाल भारतात वाचला गेला. हिमाचलमध्ये बियास नदीकाठच्या एका मोटेलला दिलेली वनजमीन रद्द करताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याचा आधार घेतला. नद्या, समुद्रकिनारे आणि जंगलांबाबत सरकार मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व तेव्हा भारतीय कायद्यात पक्कं झालं.

अर्थात, पळवाटा शिकागोतही आहेत. ग्रँट पार्कचाच भाग असलेलं मिलेनियम पार्क २००४ मध्ये सुरू झालं. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’ हे चकचकीत शिल्प तिथलंच; लोक त्याला ‘बीन’ म्हणतात. शेजारचा फ्रँक गेरी यांचा संगीतमंच उंचीच्या मर्यादेत बसत नव्हता. मग त्याला इमारत न म्हणता कलाकृती म्हटलं गेलं आणि काम झालं. लेक पॉइंट टॉवर ही ७० मजली इमारत तर १९६८ मध्येच किनारी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. १९७३ च्या नियमांनी पुढच्यांची वाट अडवली.

आणखी एक मोठा वाद ‘स्टार वॉर्स’चे दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांच्या संग्रहालयाचा. महापौर अनुकूल होते, पण उद्यानांसाठी काम करणारी एक संस्था कोर्टात गेली. अंतिम निकाल लागण्याआधीच २०१६ मध्ये लुकस यांनी शिकागो सोडलं आणि पुढे लॉस एंजेलिस गाठलं. ज्या जागेवरून हे भांडण झालं, तिथे बाग नव्हती, पार्किंग होतं. संग्रहालयामुळे उलट हिरवळ वाढली असती, असं समर्थक म्हणत होते. विरोधकांचं उत्तर होतं की एकाला परवानगी दिली, तर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार?