खेळाडूला किट द्यायचं, पण कुणाला?

नेसरी, गडहिंग्लज, चंदगड भागात स्पोर्ट्सचं दुकान टाकलेले बरेच जण विचारतात, "सर, एखादा खेळाडू स्पॉन्सर करू का? धंदा वाढेल का?"

आधी दोन बॅटी बघा.

१९९६ च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरने सर्वाधिक ५२३ धावा केल्या, तेव्हा त्याच्या बॅटवर स्टिकरच नव्हता. नंतर तिथं एमआरएफ आलं. एमआरएफ म्हणजे टायरवाले. त्यांना नाव घराघरांत पोचवायचं होतं, आणि ते पोचलं. टायर घेणारा काही बॅट बघून टायरचा दर्जा ठरवत नाही.

त्याआधी, १९८० च्या दशकात, सुनील गावस्करांच्या हातात मेरठच्या एसजीची बॅट असायची. (आद्याक्षरं जुळतात म्हणून कंपनी गावस्करांचीच, असं वाटू शकतं. खरं नाव सॅन्सपेरिल्स ग्रीनलँड्स.) एसजी बॅटच विकते. म्हणजे गावस्कर खेळले की मालाचीच परीक्षा लोकांसमोर व्हायची.

मॉलमधला तो दहा पिना पाडायचा खेळ, बोलिंग, त्यातही हेच चालतं. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे दोन्ही हातांनी चेंडू टाकतो, तो अनेक वर्षं स्टॉर्म कंपनीचा खेळाडू. त्या कंपनीचे चेंडू दुकानात मिळतात, त्यामुळे बघणारा हौशी खेळाडू तसलाच मागायला येतो.

तुम्हाला एमआरएफसारखं करणं झेपणार नाही, तेवढा पैसाच लागतो. एसजीसारखं मात्र जमतं. फक्त जे विकता तेच द्या. कबड्डीचे बूट विकत असाल तर बूटच द्या, नुसतं दुकानाचं नाव छापलेला टी-शर्ट देऊन बुटाची खात्री कुणाला पटत नाही.

आता हिशेब मांडू. समजा बूट तुम्हाला ८०० ला पडतो आणि एका जोडीमागे २०० सुटतात. वर्षात तीन जोड दिले की खर्च २,४०० झाला. म्हणजे त्या पोरामुळं १२ जोड जास्त खपले तरच बरोबरी, नफा तेराव्यापासून.

मग पोरगा कोणता निवडायचा? सगळे जिल्ह्याच्या स्टारमागं धावतात. मला विचाराल तर तालमीत किंवा मैदानावर रोज दिसणारा, ज्याला बाकीची पोरं "कुठनं घेतलास रे?" विचारतात, तो घ्या. स्टार वर्षातनं दोनदा गावात येतो. आणि आधी महिनाभर बूट वापरायला द्या, त्याला आवडला तरच पुढं बोला. टोचणारा बूट घालून तो खेळला, तर तोच चारचौघांत नाव घालवेल.

साध्या कागदावर लिहून घ्या: किती महिने, किती जोड, सामन्यात घालायचा, फोटो वापरायला परवानगी. पोरगं अठराच्या आतलं असेल तर आई-वडिलांची सही.

गल्ल्याजवळ एक वही ठेवा. प्रत्येक बूट-गिऱ्हाइकाला विचारा, "कुणाचं बघून आलात?" आणि उत्तर तारखेसकट लिहा. तीन महिन्यांत त्या पोराचं नाव तीनदासुद्धा आलं नाही, तर दुसरा जोड देण्याआधी थांबा.