खाणीवरचा शेजार

नागपूरच्या उत्तरेस, कामठीच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वालुकाश्माच्या थरांखाली, पंचवीस कोटी वर्षांहून जुना दगडी कोळसा आहे. त्या भागातील एका खाणीच्या वसाहतीत आमचे बालपण गेले. तेथे छत्तीसगडी, तेलुगू, बिहारी व वऱ्हाडी कुटुंबे एकाच नळावर पाणी भरीत. आणि कोणाची चूल पेटली नाही, हे सर्वांस कळत असे.

हा जिव्हाळा कोठून आला? त्याचे मूळ भूगर्भात आहे. कोळसा काढला म्हणजे छताचा आधार जातो. म्हणून कामगार लोखंडी सळईने छत ठोकून पाहतो. नाद खणखणीत आला तर छत घट्ट. पोकळ आला तर थर सुटलेला. मग खाली टेकू देतात. टेकू देणारा एक आणि त्याखाली राबणारा दुसरा. जेथे आपला जीव दुसऱ्याच्या हातच्या कामावर विसंबतो, तेथे परका परका राहत नाही.

एके रात्री पाळी सुटून गेली तरी वडील वर आले नाहीत. आई खाणीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. आम्हां भावंडांस शेजारच्या मावशींनी जेवू घातले. स्वतः मात्र त्या अन्नास शिवल्या नाहीत. पहाटे वडील सुखरूप परतले, तेव्हाच त्या जेवल्या.

विद्यार्थिमित्रहो, खाणीतील कोळसा सरतो आणि वसाहतीही उठतात. आमचीही उठली. त्या मावशी आज कोठे असतील, हे आम्हांस ठाऊक नाही. निघताना पुसून ठेवावयास हवे होते. तुम्ही तरी आपल्या शेजाऱ्यांचा ठावठिकाणा पुसून ठेवा.