बॅच कोणाची?

मित्रांनो, आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा सांभाळून घ्या! आणि मी लिहितेय तो फुटबॉल आपला नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा, अमेरिकेतला. माझा मावसभाऊ अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला असतो. तिथे कॉलेज टीमचं वेड आपल्या क्रिकेटइतकंच!

तिथली कॉलेजं दरवर्षी शाळेतली चांगली पोरं स्कॉलरशिप देऊन टीममध्ये घेतात. त्या वर्षाच्या बॅचला 'रिक्रूटिंग क्लास' म्हणतात. रायव्हल्ससारख्या संस्था पोरांना स्टार देतात आणि त्यावरून क्लासचा नंबर काढतात. म्हणजे आपली मेरिट लिस्टच! मग वाद सुरू... कोणत्या कोचची बॅच भारी?

दादाचं उत्तर ठरलेलं, निक सेबन. अलाबामा युनिव्हर्सिटीत 2003 ते 2006 माइक शूला कोच होता, जानेवारी 2007 मध्ये सेबन आला. त्याचा 2008 चा क्लास रायव्हल्सच्या यादीत देशात पहिला. त्यात ज्युलिओ जोन्स, मार्क इंग्रम अशी नावं. इंग्रमने 2009 मध्ये अलाबामाला पहिली हाइझमन ट्रॉफी मिळवून दिली आणि त्याच सीझनला टीम सगळ्या 14 मॅच जिंकून नॅशनल चॅम्पियन झाली. विषय संपला?

मला नाही वाटत. पहिली गोष्ट, नियम मोडल्याबद्दल 2002 मध्ये अलाबामाच्या तीन वर्षांत मिळून 21 स्कॉलरशिप कापल्या गेल्या. चूक शूलाच्या आधीची, पण बरीचशी शिक्षा त्याने भोगली. आता गणित बघा. तीन स्टारची 25 पोरं म्हणजे 75. चार स्टारची 18 म्हणजे 72. बेरजेत पहिला क्लास पुढे, अ‍ॅव्हरेजमध्ये दुसरा! म्हणून लहान क्लास नुसत्या बेरजेने मोजू नये.

दुसरी गोष्ट, नव्या कोचचा पहिला क्लास. तेव्हा पोरांनी सह्या करायचा दिवस फेब्रुवारीत असायचा, सेबन आला जानेवारीत. एका महिन्यात जमवलेला 2007 चा क्लास पूर्णपणे त्याचा कसा म्हणायचा?

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. 2009 च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक ग्रेग मॅकेलरॉय 2006 चा, म्हणजे शूलाने आणलेला! तीन वर्षं तो मागे थांबला, सेबनच्या हाताखाली तयार झाला आणि चौथ्या वर्षी टीम चालवली. मग तो कोणाचा? मला विचाराल तर दोघांचा.

हे सगळं मला का लागतं, सांगू? आमच्या वर्षी कट-ऑफ घसरला, तेव्हापासून आमच्यावर 'वीक बॅच' असा शिक्का बसलाय. स्टार खोटे असतात असं मी म्हणत नाही, 2008 च्या क्लासने ते खरे करून दाखवले. पण स्टार फक्त आत कोण आलं ते सांगतात. बाहेर कोण पडलं हे चार वर्षांनी कळतं, आणि त्यात शिकवणाऱ्यांचाही वाटा असतो.

दादाला फोनवर हे ऐकवलं. तो म्हणाला, "तरी सेबनच!" असू दे. आमची अजून दोन वर्षं बाकी आहेत.