कुऱ्हाड, पाचर आणि तेलाचा दाब

मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जिथं एकमेकांना मिळतात, तो हातखंब्याचा तिठा. इथं तासभर उभं राहिलं तर द्रवचालित म्हणजे हायड्रॉलिक यंत्रांचं प्रदर्शनच पाहायला मिळतं. कुठं डंपर आपला हौदा उचलतो, कुठं जेसीबी जमीन उकरतो, कुठं टायर बदलण्यासाठी ट्रकखाली जॅक लावलेला असतो. रस्ता सोडून वाडीत शिरलं की चित्र बदलतं. पावसाळ्याच्या बेगमीसाठी अंगणात ओंडके येऊन पडतात आणि ते कुऱ्हाडीनं फोडले जातात. घरात गॅस आला तरी अंघोळीचं पाणी तापवायला, भात उकडायला अनेक घरांत अजून लाकडंच लागतात.

डंपरचा हौदा ज्या युक्तीनं उचलला जातो, त्याच युक्तीनं लाकूडही फोडता येतं. थंडीत घरं उबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळणाऱ्या देशांत अशी यंत्रं बरीच वर्षं वापरात आहेत. आता ती आपल्याकडेही विकत मिळतात. कुऱ्हाड ठेवून यंत्र घेतलं तर नेमकं काय बदलतं? आपण हिशोब मांडून पाहू.

लाकूड फोडायचंच कशाला?

चुलीत मावावं म्हणून, हे एक कारण झालं. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे, ते म्हणजे वाळणं. साल ही झाडानं पाणी राखण्यासाठी केलेली सोय आहे. त्यामुळे न फोडलेला ओंडका मुख्यतः दोन टोकांकडूनच वाळतो.

२० सेंटिमीटर व्यासाचा, ४० सेंटिमीटर लांबीचा ओंडका घ्या. त्याच्या दोन्ही टोकांचं मिळून क्षेत्रफळ ६२८ चौरस सेंटिमीटर भरतं. त्याचे उभे चार तुकडे केले, की ३२०० चौरस सेंटिमीटर नवा पृष्ठभाग उघडा पडतो. म्हणजे पाणी बाहेर पडण्याची वाट सुमारे सहापट रुंद झाली.

ओलं लाकूड जाळलं तर काय होतं? एक किलो लाकडात अर्धा किलो पाणी आहे असं समजू. ते ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवून त्याची वाफ करायला सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ती आपल्या भांड्याला मिळतच नाही. त्याहून वाईट म्हणजे जाळ थंड पडतो, लाकडातून निघालेले वायू पुरते जळत नाहीत आणि ते धूर होऊन बाहेर येतात. तो धूर चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या छातीत जातो. लाकूड वेळेवर फोडणं हा म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे. ज्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथं तर जूनच्या आत हे काम उरकावंच लागतं.

उभं फुटतं, आडवं फुटत नाही

बांबूच्या कामट्या काढताना कोयत्याचा एक घाव पुरतो. पुढं बांबू आपोआप उकलत जातो. तोच बांबू आडवा तोडायला मात्र बरेच घाव घालावे लागतात. लाकडाचंही तसंच आहे. लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींची घट्ट बांधलेली जुडी. या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे बहुतांशी उभे असतात आणि लिग्निन त्यांना चिकटवून ठेवतं. वाऱ्यात वाकताना झाडाला उभ्या दिशेचा मजबूतपणा हवा असतो. आडव्या दिशेनं, म्हणजे धाग्यापासून धागा विलग करताना, लाकूड त्या मानानं फारच कमकुवत असतं.

कुऱ्हाड याच कमकुवतपणाचा फायदा घेते. पहिली फट पडली की धारेचं काम बहुतेक संपतं. पुढं पात्याच्या दोन्ही बाजू लाकूड दोहोंकडं रेटतात आणि फट पात्याच्या पुढं पुढं धावते. म्हणून फोडायची कुऱ्हाड जाड पात्याची लागते, पातळ पातं नुसतंच रुतून बसतं. गाठ आली किंवा बुंध्याला पीळ असला, की धागे वळलेले असतात आणि फटीला सरळ वाट मिळत नाही. जाणता माणूस घाव घालण्याआधी ओंडका फिरवून पाहतो, टोकावरची जुनी चीर शोधतो आणि गाठ टाळतो, तो यासाठीच.

कुऱ्हाडीचा हिशोब

कुऱ्हाडीचं पातं २ किलोचं आहे आणि लाकडावर आदळताना त्याचा वेग सेकंदाला १० मीटर आहे असं धरू. त्याची गतिज ऊर्जा १०० ज्यूल झाली. पातं २ सेंटिमीटर आत जाऊन थांबलं, तर सरासरी बल ५००० न्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलो वजनाइतकं झालं. एवढा भार कोणी खांद्यावर घेऊ शकणार नाही, पण कुऱ्हाडीनं तो सहज देता येतो.

आणखी एक गंमत पाहा. पातं थांबायला लागलेला वेळ सेकंदाचा सुमारे २५०वा भाग. तेवढ्या वेळापुरती कुऱ्हाडीची शक्ती २५ किलोवॅट, म्हणजे ३३ अश्वशक्तींच्या आसपास असते! हातांनी सावकाश साठवलेली ऊर्जा कुऱ्हाड क्षणात खर्च करते. पण दिवसभराचा विचार केला तर कष्टकरी माणूस सरासरी ७५ वॅट, म्हणजे एक-दशांश अश्वशक्तीच देऊ शकतो. खरी मर्यादा आहे ती ही. शिवाय चुकलेल्या घावाची आणि उरलेल्या धक्क्याची किंमत पाय, खांदे आणि कंबर मोजतात.

तेलाचा हिशोब

बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब सगळीकडं सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शिकवतोच. ब्लेझ पास्कलचा काळ १६२३ ते १६६२. जोसेफ ब्रामानं या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट इंग्लंडमध्ये १७९५ साली घेतलं. तिठ्यावरचा जॅक हा त्याचाच वंशज.

लाकूड फोडण्याच्या यंत्रात एक इंजिन किंवा मोटर पंप फिरवते. पंप नळकांड्यात तेल रेटतो आणि नळकांड्यातला दट्ट्या ओंडक्याला पोलादी पाचरीवर दाबतो. काही यंत्रांत ओंडका स्थिर असतो आणि पाचर पुढं सरकते. नळकांड्याचा आतला व्यास १० सेंटिमीटर असेल तर दट्ट्याचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर होतं. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो असेल, तर एकूण बल १५,७०० किलो, म्हणजे जवळजवळ १६ टन!

हे बल फुकट मिळालं का? नाही. पंप मिनिटाला ५ लिटर तेल देत असेल, तर दट्ट्या सेकंदाला जेमतेम १ सेंटिमीटर सरकतो. बल आणि वेग यांचा गुणाकार केला तर शक्ती येते १६०० वॅटच्या आसपास, सव्वादोन अश्वशक्ती. घाव बसतो त्या क्षणी कुऱ्हाड या यंत्राहून कितीतरी शक्तिमान असते. यंत्राची बाजू एवढीच, की ते ही शक्ती न थकता देत राहतं आणि गाठीपुढंही सहसा अडत नाही. वेळ वाचावा म्हणून अनेक यंत्रांत दुहेरी पंप असतो. तो आधी कमी दाबानं भराभर तेल देतो आणि लाकडानं विरोध केला की जास्त दाबानं सावकाश देतो.

मंद म्हणजे निर्धोक नव्हे

सेकंदाला एक सेंटिमीटर हा वेग पाहून भीती वाटत नाही. धोका नेमका इथंच आहे. १६ टनांच्या बलाला लाकूड आणि बोट यांतला फरक कळत नाही. म्हणून चांगल्या यंत्राला दोन्ही हातांनी दाबून धरायच्या दोन मुठी असतात. एक सोडली तरी दट्ट्या थांबतो. सोय म्हणून त्यातली एक मूठ बांधून ठेवणं हा अपघाताला दिलेला आवतण आहे. एकानं ओंडका धरायचा आणि दुसऱ्यानं यंत्र चालवायचं, हेही टाळावं. नळीतून गळती होतेय का, ते हात फिरवून कधीच पाहू नये. बारीक छिद्रातून उडणारं तेल कातडीत घुसतं, आणि वरून जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावं लागतं. फिरत्या शंकूच्या स्क्रूनं लाकूड फोडणारी यंत्रंही मिळतात. ती द्रवचालित नसतात आणि त्यांत पदर किंवा बाही अडकण्याचा धोका मोठा असतो.

मग यंत्र कोणी घ्यावं?

एका घराची वर्षाची लाकडं काही दिवसांत फोडून होतात. तेवढ्यासाठी इंजिन, इंधन, तेल आणि झिजणारी सीलं सांभाळणं परवडणारं नाही. वखारीला किंवा भट्टीला मात्र हा हिशोब वेगळा लागतो. वाडीनं किंवा बचत गटानं मिळून एक यंत्र घेतलं, तर म्हाताऱ्या माणसांचं आणि एकट्या बाईचं घरही जूनच्या आत कोरड्या लाकडांनी भरेल. पण कुऱ्हाडीवर ज्याची मजुरी चालते त्याचं काय, हे त्याच बैठकीत बोलायला हवं. यंत्र चालवायला शिकण्याचा पहिला मान त्याचाच, असं आम्हांला वाटतं. लाकूड ओळखणारी नजर त्याच्यापाशीच असते. आणि फोडणं सोपं झालं म्हणून तोडणं वाढता कामा नये. आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी झाडं तोडण्यावर महाराष्ट्रात १९६४ सालापासून कायद्याचं नियंत्रण आहे.

वर्गात करून पाहा

१. सुई नसलेल्या, कोऱ्या दोन सिरिंज घ्या, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. सलाइनच्या नळीनं त्या जोडा. आत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एका मुलानं लहान दट्ट्या दाबावा, दुसऱ्यानं मोठा अडवून पाहावा. कोण जिंकतं? दोन्ही दट्टे किती सरकले ते पट्टीनं मोजा आणि दोन्हींच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढून ताडून पाहा. मग पाण्याऐवजी हवा ठेवून तेच करा. यंत्रात हवेऐवजी तेल का, ते मुलंच सांगतील.

२. एकाच ओल्या फांदीचे सारख्या वजनाचे दोन तुकडे घ्या. त्यांतला एक मोठ्या माणसाकडून उभा फोडून घ्या. दोन्ही पडवीत ठेवा. दर आठवड्याला दोन्हींचं वजन करून आलेख काढा. दोन रेषा एकमेकींपासून किती दूर जातात ते पाहा, आणि हा आलेख मुलांना घरी चुलीपुढं बसणाऱ्यांना दाखवायला सांगा.